घटपर्णी : आपल्या उष्ण हवेत कोणती जगेल?

संस्थेच्या अभ्यासिकेत पूर्वेकडील खिडकीला टांगलेली घटपर्णीची कुंडी आता बहुतेकांच्या परिचयाची झाली आहे. परीक्षेच्या दिवसांत पुस्तकातून डोके वर काढून तिच्या घटात किती मुंग्या पडल्या हे मोजणारे विद्यार्थीही आम्ही पाहिले आहेत. परंतु ही कुंडी तिसरी आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. पहिली दोन झाडे आमच्याच हातून मेली. पहिले शेणखताने मेले आणि दुसरे मे महिन्यातील रात्रींनी मेले. उन्हाने नव्हे, रात्रींनी. हा फरक समजण्यास आम्हाला दोन वर्षे लागली आणि तोच सांगण्यासाठी हा लेख लिहिण्याचे योजिले आहे.

लिहिण्याचे आणखी एक कारण आहे. खिडकीतील झाड पाहून काही सभासदांनी व दोन-तीन विद्यार्थ्यांनी हौसेने अशी झाडे मागविली. एका विद्यार्थ्याने तर शिकवणीच्या पैशांतून वाचवून झाड घेतले. ते उन्हाळ्यापर्यंतही टिकले नाही. झाड मेले म्हणजे आपला हात वाईट अशी त्याने समजूत करून घेतली होती. वस्तुतः त्याचा हात वाईट नव्हता. त्याला मिळालेले झाड त्याच्या गावच्या हवेचे नव्हते, इतकेच.

प्रथम नावाचा गोंधळ दूर करू. बाजारात "पिचर प्लांट" या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या वनस्पती विकल्या जातात. एक उत्तर अमेरिकेतील सारासिनिया. तिचे घट जमिनीतून सरळ कर्ण्यासारखे वर येतात आणि तिला दरवर्षी थंडीची झोप लागते. आपल्या उष्ण प्रदेशात तिच्या वाटेस जाऊ नये. दुसरी आग्नेय आशियातील नेपेंथिस. मराठी शालेय पुस्तकांतून आपण जिला घटपर्णी म्हणून ओळखतो ती हीच. हिच्या पानाच्या टोकापासून एक तणावा निघतो व त्या तणाव्याच्या टोकाला घट लोंबतो. पुढील सर्व विवेचन या नेपेंथिसविषयी आहे.

कीटकभक्षी वनस्पती आपल्याला अगदी परक्या नाहीत. साताऱ्याजवळच्या कास पठारावर पावसाळ्याच्या शेवटी गेल्यास पायाशी दवबिंदू दिसते आणि सीतेची आसवे या नावाच्या जांभळ्या फुलांनी सडा निळाजांभळा झालेला असतो. या दोन्ही वनस्पती कीटक खातात. घटपर्णी मात्र सह्याद्रीत कोठेही आढळत नाही. भारतात तिची एकच जात आहे व ती मेघालयात. तिच्याविषयी पुढे लिहिले आहे.

या वनस्पती कीटक खातात ते भुकेने नव्हे. अन्न त्या इतर झाडांप्रमाणे सूर्यप्रकाशातच तयार करतात. परंतु त्या ज्या जमिनीत वाढतात तेथे नत्र व स्फुरद फारच कमी असते. ही उणीव त्या मुंग्या-माश्यांतून भरून काढतात. घटाच्या काठावर मधासारखा रस असतो, काठ ओला झाला की कमालीचा निसरडा होतो, आतील भिंत मेणचट असते आणि तळाशी पाचक रस असतो. किडा घसरतो, बुडतो व हळूहळू विरघळतो. घटाचे झाकण किडा आत जाताच मिटते असे अनेक शिक्षकसुद्धा सांगतात. ते खरे नाही. घट उमलताना झाकण एकदा उघडते व पुढे ते हलत नाही. त्याचे मुख्य काम पावसाचे पाणी अडविणे. ग्रॅसिलिस नावाच्या जातीत तर झाकणाच्या खालच्या बाजूस बसलेली मुंगी, वरून पावसाचा थेंब आपटला की त्या धक्क्यानेच घटात उडते. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून हे उघड झाले.

डोंगरावरची आणि सखल भागातली

घटपर्णीच्या दीडशेहून अधिक जाती आहेत. त्या बहुतेक बोर्निओ, सुमात्रा, फिलिपिन्स, मलाया, न्यू गिनी या विषुववृत्ताजवळच्या मुलुखात वाढतात. यावरून कोणासही वाटेल की, विषुववृत्तावरचे झाड म्हणजे उष्णतेचे झाड, मग आपल्याकडे ते आनंदाने वाढणारच. आमची दुसरी चूक हीच होती. विषुववृत्तावरही उंच डोंगर आहेत. बोर्निओतील किनाबालू पर्वत 4095 मीटर उंच आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहूनही अधिक.

विद्यार्थ्यांनी येथे थोडे गणित करावे. समुद्रसपाटीपासून दर हजार मीटर वर गेले की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. बोर्निओच्या किनाऱ्यावर रात्रीचे तापमान 24 अंश असेल तर 2000 मीटर उंचीवर ते 11 अंशांच्या आसपास येईल. राजा ही सुप्रसिद्ध घटपर्णी किनाबालू व त्याशेजारच्या डोंगरावर 1500 ते 2650 मीटरच्या पट्ट्यातच वाढते. तिच्या एकेका घटात तीन लिटरहून अधिक पाणी मावू शकते आणि त्यात क्वचित उंदीरही बुडालेले सापडले आहेत. चित्रे पाहून सर्वांना हवीशी वाटते ती हीच. मुंबईत मे महिन्यात रात्री 27 अंशांच्या खाली पारा सहसा उतरत नाही. म्हणजे जिला 11 अंशांच्या रात्रीची सवय तिला आपण 16 अंश अधिक उष्ण रात्र देतो.

रात्रीच्या उष्णतेने नेमके काय बिघडते? झाड दिवसा प्रकाशात साखर तयार करते, परंतु श्वसन मात्र रात्रंदिवस चालू असते व त्यात साखर खर्च होते. तापमान दहा अंशांनी वाढले की श्वसनाचा वेग साधारण दुप्पट होतो. सोळा अंशांनी वाढले तर जवळजवळ तिप्पट. दिवसभराची मजुरी रात्रीतच संपून जावी आणि सकाळी पुन्हा रिकाम्या हाताने कामाला लागावे, अशी त्या झाडाची अवस्था होते. ते एकदम मरत नाही. आमचे दुसरे झाड, जे डोंगरी जातीचे निघाले, जानेवारीत टवटवीत होते. मार्चमध्ये नवे पान आधीच्या पानापेक्षा लहान आले. एप्रिलमध्ये त्याहून लहान, आणि तणाव्याच्या टोकाला घटच नाही. आम्ही समजलो की पाणी कमी पडते आहे, म्हणून अधिक घातले. मे अखेर खोड बुडाशी काळे पडले. प्रत्येक नवे पान आधीच्याहून लहान येणे ही या रोगाची खूण आहे.

म्हणून घटपर्णी निवडताना रंग, आकार व किंमत यांच्या आधी विचारावयाचा प्रश्न एकच : ही मूळची किती उंचीवरची? साधारणतः हजार मीटरच्या खाली वाढणाऱ्या जातींना सखल भागातील व त्यावरील जातींना डोंगरी म्हणण्याचा प्रघात आहे. काही जाती दोन्हींच्या मधल्या आहेत. उष्ण हवेत सखल भागातील जाती घ्याव्यात, मधल्या जाती पारखून घ्याव्यात आणि डोंगरी जाती कोणी फुकट दिल्या तरी घेऊ नयेत.

दमट उष्मा वेगळा, कोरडा उष्मा वेगळा

एवढ्यावर काम भागले असते तर बरे झाले असते. पण "उष्ण" हा शब्द फसवा आहे. सिंगापूर उष्ण आहे आणि नागपूरही उष्ण आहे. सिंगापुरात वर्षभर दुपारी एकतीस-बत्तीस अंश, रात्री चोवीस-पंचवीस, आणि एकही महिना पावसावाचून जात नाही. नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांना भिडतो व दुपारची आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली उतरते. शिवाय डिसेंबर-जानेवारीत रात्री दहा अंशांच्या खाली जातात. बोर्निओच्या दलदलीतील झाडाने 45 अंशांचा कोरडा वारा जन्मात पाहिलेला नसतो. सखल भागातील जात आहे म्हणून ती विदर्भात गच्चीवर ठेवली तर दोन दिवसांत तिचे पान कुरकुरीत होईल.

तेव्हा आपापल्या गावाप्रमाणे निवड करणे अगत्याचे आहे.

मुंबई, ठाणे, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा या किनारपट्टीच्या लोकांचे नशीब चांगले. त्यांची हवा बोर्निओच्या किनाऱ्याशी बरीच जुळते. फक्त नोव्हेंबर ते मे हा काळ बिनपावसाचा असतो, तेवढा सांभाळावा लागतो. येथे मिराबिलिस उत्तम वाढते. दक्षिण चीनपासून उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेली ही जात सर्व घटपर्णींत अधिक प्रदेश व्यापून आहे, आणि जे झाड इतक्या ठिकाणी जगते ते नवशिक्याच्या हातीही जगते. तिला ओले पाय आवडतात. ग्रॅसिलिस नाजूक दिसते पण चिवट आहे व भराभर वाढते. रॅफलेसियानाचे घट मोठे व देखणे असतात, मात्र तिला जागा लागते.

आमच्या सर्वाधिक आवडीची जात ॲम्पुलारिया. तिचे गोल, गुबगुबीत घट जमिनीवर पाणी भरून ठेवलेल्या लहान मडक्यांसारखे घोळक्याने बसतात. हिची झाकणे अरुंद व मागे वळलेली असतात, त्यामुळे घटाचे तोंड वर आकाशाकडे उघडे राहते. ती केवळ किड्यांवर अवलंबून नाही. जंगलातील उंच झाडांचा पडणारा पालापाचोळा ती घटात झेलते व तो कुजल्यावर त्यातील नत्र घेते. म्हणूनच ती इतर जातींपेक्षा कमी उजेडात चालते. चाळीतील किंवा इमारतींच्या गर्दीतील ज्यांच्या खिडकीत ऊन थेट येत नाही त्यांनी हिचा विचार करावा. रॅफलेसियाना व ॲम्पुलारिया यांचा निसर्गतः झालेला हुकेरियाना नावाचा संकरही किनारपट्टीत चांगला येतो. बायकॅल्करेटा ही बोर्निओच्या दलदलीतील जात आहे. तिच्या झाकणाखाली दोन सुळे असतात आणि तिच्या पोकळ तणाव्यांत एका विशिष्ट जातीच्या मुंग्या घर करतात. तिला उकाडा हवाच, थंडी मुळीच सोसत नाही. पण ती फार मोठी होते व तिला दमट हवा अखंड लागते. पहिले झाड म्हणून ती घेऊ नये.

पुणे, नाशिक व घाटमाथ्याजवळच्या गावांत हिवाळ्यातील रात्री थंड असतात. तेथे ॲम्पुलारिया किंवा बायकॅल्करेटा डिसेंबर ते फेब्रुवारी रुसून बसेल. तेथे मधल्या जाती व संकर अधिक शोभतात. यांत पहिला मान व्हेंट्राटा या संकराचा. फिलिपिन्समधील व्हेंट्रिकोसा व अलाटा यांच्यापासून तो झाला. (हल्लीचे शास्त्रज्ञ त्यातील अलाटास ग्रॅसिलिफ्लोरा म्हणतात, पण आपल्याला त्या वादात पडण्याचे कारण नाही.) संकराची झाडे आईबापांपेक्षा सोशिक निघतात, याचे हे नमुनेदार उदाहरण आहे. दहा-बारा अंशांची रात्र व पस्तीस अंशांची दुपार हे झाड सारखेच सोसते. आपल्याकडील रोपवाटिकांतून "अलाटा" या नावाने जे मिळते तेही बहुधा व्हेंट्राटाच असते. अभ्यासिकेतील तिसरी कुंडी याच संकराची आहे. मिरांडा नावाचा लाल ठिपक्यांचा, मोठ्या घटांचा संकरही आता मिळू लागला आहे व तो चांगला आहे.

विदर्भ, मराठवाडा व खानदेशातील बांधवांना मात्र आम्ही स्पष्टच सांगू. तेथे एकच झाड घ्यावे व ते व्हेंट्राटा असावे. मार्च ते जून ते घराबाहेर ठेवू नये. घरात जेथे कूलर चालतो त्या खोलीत, उजेडाच्या खिडकीजवळ, पण वाऱ्याच्या थेट झोतात येणार नाही असे ठेवावे. कूलर हवा गार करतो व दमटही करतो. माणसाला जे सुख तो देतो तेच या झाडालाही हवे असते. एअर कंडिशनर मात्र हवा कोरडी करतो, तो उपयोगाचा नाही. अशा झाडाला उन्हाळ्यात नवे घट येणार नाहीत, आणि आले नाहीत तरी घाबरू नये. मृग बरसला की येतील. थायलंड, लाओस, कंबोडिया या देशांतील स्मिलेसाई ही जात गवताळ माळावर वाढते आणि कडक कोरड्या ऋतूत जमिनीखालच्या जाड मुळावर तग धरून पावसाळ्यात पुन्हा फुटते. आपल्या माळरानाशी तिचे खरे नाते जुळेल असे वाटते, परंतु आपल्या बाजारात ती आमच्या पाहण्यात आलेली नाही.

मेघालयातील आपली घटपर्णी

खासियाना ही भारतातील एकमेव घटपर्णी मेघालयाच्या गारो, खासी व जैंतिया टेकड्यांत वाढते. गारो लोक तिला मेमांग-कोक्सी म्हणतात, म्हणजे भुताची टोपली. उष्णता व थंडी दोन्ही बऱ्यापैकी सोसणारे हे झाड आहे, त्यामुळे आपल्या हवेत ते चालेल यात शंका नाही. प्रश्न हवेचा नाही. कोळशाच्या खाणी, झूम शेती आणि हौशी लोकांसाठी उपटून नेलेली झाडे यांमुळे तिचे रान आटत गेले. आंतरराष्ट्रीय व्यापारावरील साइट्स करारात ती पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक परिशिष्टात आहे. घटपर्णींपैकी या परिशिष्टात दोनच जाती आहेत, एक राजा व दुसरी आपली खासियाना. 1991 च्या दुरुस्तीने वन्यजीव संरक्षण अधिनियमात ज्या थोड्या वनस्पतींना संरक्षण मिळाले त्यांत ती होती, आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर अशा वनस्पती तिसऱ्या अनुसूचीत आल्या आहेत. रानातील झाड उपटणे हा गुन्हा आहे आणि तिची लागवड व विक्री करण्यास परवाना लागतो. सबब कोणी "अस्सल मेघालयाची, जंगलातून आणलेली" असे अभिमानाने सांगू लागला तर तेथून निघून यावे. दक्षिण गारो टेकड्यांत बाघमारा येथे तिच्यासाठी राखलेले छोटे अभयारण्य आहे. तिकडे प्रवासाचा योग आला तर तेथेच तिला पाहावे.

विकत घेताना

विक्रेत्यास पूर्ण नाव विचारावे. "पिचर प्लांट, लाल" हे नाव नव्हे. नाव सांगता येत नसेल तर ते झाड व्हेंट्राटासारखे दिसते का हे पाहावे : घट लांबट, कमरेशी किंचित आवळलेले, लालसर, आणि पाने अरुंद. ऊतिसंवर्धनाचे किंवा कलमाचे झाड घ्यावे. घटांकडे पाहून भुलू नये. प्रवासात घट सुकतातच. वरचे कोवळे पान हिरवे व ताठ आहे का, एवढेच पाहावे. निळ्या, जांभळ्या घटपर्णीचे बी म्हणून मोबाइलवर जे विकले जाते ती शुद्ध फसवणूक आहे. निळी घटपर्णी जगात नाही. तिचे खरे बी धाग्यासारखे बारीक असते, फार काळ टिकत नाही, आणि त्यापासून घट येणारे मोठे झाड व्हायला वर्षे जातात.

आता आमच्या पहिल्या झाडाविषयी. ते आम्ही पावसाळ्यात रस्त्याकडेच्या एका रोपवाटिकेतून आणले. तेथील माणसाने सांगितले, "गुलाबासारखेच सांभाळा." आम्ही लाल माती, शेणखत व मूठभर निंबोळी पेंड घालून ते मोठ्या मायेने लावले. तीन आठवड्यांत मुळे जळाली. ज्या झाडाने नत्र नसलेल्या जमिनीत जगण्यासाठी किडे पकडण्याची एवढी यातायात केली, त्याच्या मुळांशी आपण शेणखत घातले तर ते कसे सोसणार? यास माती नको, खत नको. नारळाच्या सोडणाचे बारीक तुकडे, थोडा लाकडी कोळसा व पर्लाइट हे मिश्रण स्वस्त व पुरेसे आहे. सोडण व कोकोपीट यांत मीठ असते, म्हणून ते दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवून धुऊन घ्यावे. हे आळसाने टाळले तर पुढचे सर्व व्यर्थ. कुंडी प्लास्टिकची, शक्यतो पांढरी घ्यावी. काळी कुंडी उन्हात तापून मुळे शिजवते, आणि मातीची कुंडी लवकर सुकते व क्षार धरून ठेवते.

पाणी पावसाचे सर्वोत्तम. ते पिंपात साठवून झाकून ठेवावे. नाहीतर घरातील आरओ यंत्राचे शुद्ध पाणी द्यावे, त्या यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी देऊ नये. बोअरचे जड पाणी म्हणजे सावकाश दिलेले विष आहे. टीडीएस मोजण्याचे छोटे यंत्र अभ्यासिकेत ठेवले आहे. आपल्या नळाच्या पाण्याची बाटली आणून कोणीही मोजून घ्यावी. आकडा शंभरच्या आत असेल तर ते पाणी चालेल. मिश्रण नेहमी ओलसर राहावे पण कुंडी पाण्याच्या ताटलीत बुडवून ठेवू नये. मिराबिलिस तेवढी ते सोसते.

उजेडाचे माप पानेच सांगतात. गडद हिरवी, लांब, लोळणारी पाने व घट नाहीत, तर उजेड कमी. पाने लाल-तपकिरी होऊन कडा करपल्या, तर ऊन जास्त. सकाळचे ऊन आणि दुपारी अर्धी सावली देणारी हिरवी जाळी हा मध्यम मार्ग बहुतेक घरांना जमतो. घटात मटणाचे तुकडे, पनीर, भात वगैरे घालण्याचा मोह विद्यार्थ्यांना होतो. त्याने घट सडतो. गच्चीवरच्या मुंग्या आपल्या पायांनी येतात.

नवे झाड घरी आल्यावर पहिला महिना-दोन महिने ते काहीच करीत नाही. तेव्हा त्याला हलवू नये, कुंडी बदलू नये. हवा कोरडी असेल तर पारदर्शक पिशवी सैलसर घालून ती दर आठवड्यास थोडी थोडी उघडावी. घट सुकला की कापावा, पण पान हिरवे असेपर्यंत पान ठेवावे, कारण खरे अन्न पान तयार करते.

अभ्यासिकेतील व्हेंट्राटाची वेल आता खिडकीच्या वरच्या गजापर्यंत गेली आहे. तिची छाटणी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पाऊस लागल्यावर करावयाची आहे. दोन-तीन पेरांचा एक तुकडा, खालची पाने अर्धी कापलेली, ओल्या सोडणात खोचून सावलीत ठेवला की पावसाळा सरेपर्यंत बहुधा मुळे धरतो. सात-आठ तुकडे निघतील असा अंदाज आहे. पहिला त्या शिकवणीच्या पैशांतून झाड घेणाऱ्या विद्यार्थ्यासाठी बाजूला ठेवला आहे. उरलेल्यांसाठी ज्यांना हवे त्यांनी धुतलेले सोडण व पांढरी कुंडी घेऊन यावे.